श्वासाची परवानगी

विमानात बसायला तिकीट लागतं, एवढी माहिती धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या रामलिंग कवड्यांना होती. पण विमानात बसल्यावर श्वास घ्यायचा असेल तर त्यासाठी निराळा अर्ज करावा लागतो, हे त्यांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं.

अर्ज त्यांच्या स्वतःच्या श्वासासाठी नव्हता. त्यांची फुप्फुसं उत्तम होती. सगळा गाव ज्यांना अण्णा म्हणायचा ते हे रामलिंग दुपारी जेवून आडवे झाले, की त्यांचं घोरणं ऐकून शेजारच्या दगडाबाईंची म्हैस दावं ओढायची. अर्ज होता त्यांच्या बायकोसाठी. सिताबाईंनी तीस वर्षं खव्याच्या भट्टीपुढं बसून दूध आटवलं होतं. वाशीचा खवा पुण्या-मुंबईला गेला, तिथल्या हलवायांनी त्याचे पेढे केले, ते लोकांनी खाल्ले, आणि धूर तेवढा सिताबाईंच्या छातीत राहिला. गेली दोन वर्षं त्यांच्या नाकाला नळी होती आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेतून ऑक्सिजन गोळा करणारं मशीन. मशीन घरघरत असलं की अण्णांना जेवण जायचं. वीज गेली की घास हातातच राहायचा. मग सिलिंडर उघडायची वेळ यायची, आणि त्या वेळी अण्णांचे हात इतके कापायचे की शेवटी सिताबाईच त्यांना बाजूला सारून स्वतःचा सिलिंडर स्वतः उघडून घ्यायच्या.

अशा घरात विमानाचा विषय निघायला नको होता. तो निघाला कोलकात्यात. एकुलती एक लेक वर्षाराणी तिकडं होती, कारण जावई कुमार बँकेत होता आणि बँकेला दुसरं गाव सापडलं नव्हतं. वर्षाराणीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण म्हणजे ती माहेरी येणार हे धरूनच चाललं होतं. सिताबाईंनी डिंक निवडून ठेवला होता, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. आठव्या महिन्यात तिचं ब्लडप्रेशर चढलं आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवास तर सोडाच, घराचा जिनाही उतरायचा नाही असं बजावलं. ऑपरेशनची तारीख देऊन टाकली. कुमारला आई नव्हती. वर्षाराणी फोनवर म्हणाली की आई, तू जिवाला लावून घेऊ नकोस, इथं बाई मिळते बाळंतपणाला. हे सांगताना तिचा आवाज मधेच फुटला आणि तिनं रेंज गेल्याचं निमित्त केलं.

सिताबाईंनी फोन खाली ठेवला. दोन श्वास घेतले. त्यांना एका वाक्याला दोन श्वास लागायचे, म्हणून त्या फालतू वाक्यं बोलतच नसत.

"पहिलं बाळातपण माहेरात व्हतं," त्या म्हणाल्या. "तिला येता येत न्हाय, तर माहेरानं उठून जावं."

अण्णांना वाटलं, धाराशिवचे छातीचे डॉक्टर हा बेत हाणून पाडतील. डॉक्टरांवर त्यांचा तसा फार भरवसा होता. पण डॉक्टरांनी दगा दिला. रेल्वेचा दीड-दोन दिवसांचा प्रवास नको, बॅटऱ्या पुरणार नाहीत, असं ते म्हणाले, इथवर ठीक होतं. पुढं म्हणाले, विमानानं जा की. पुण्याहून पावणेतीन तास. बॅटरीवर चालणारं लहान मशीन घ्या, दोन नंबरवर ठेवा, काही होत नाही. विमानातली हवा डोंगरावर असते तशी जरा विरळ असते, एवढंच. यातलं 'काही होत नाही' सिताबाईंनी ऐकलं आणि 'विरळ' अण्णांनी.

तो विरळ शब्द त्यांच्या डोक्यात दिवसभर फिरू लागला. खवा हातात घेतला तरी त्यांना वाटायचं, हा विरळ आहे. वाशीच्या बाजारात ज्या माणसाच्या बोटावर खव्याचा भाव ठरायचा, त्या माणसाला आता कशाचाच अंदाज येईना.

त्यात सल्लागार जमले. समोरच्या आळीतले अमरनाथ गुरुजी पाच वर्षांपूर्वी एकदा दिल्लीला विमानानं जाऊन आले होते आणि तेव्हापासून तालुक्यातली विमानविद्या त्यांच्याकडं होती. गुरुजींनी सांगितलं की एवढ्या उंचीवर बाहेर हवाच नसते. आत जी असते ती सगळ्यांत मिळून वाटायची. दुसरं म्हणजे वायरी, चार्जर असलं काही हातातल्या पिशवीत ठेवायचं नाही, मशीनमधून जाताना दिसलं की पोलीस बाजूला घेतात. ते मोठ्या बॅगेत घालून पट्ट्यावर सोडून द्यायचं. तिसरं, विमानतळावर सगळ्यांच्या पेट्या एकसारख्या दिसतात आणि बदलतात. गुरुजींची स्वतःची पेटी गेली होती आणि तिच्याऐवजी दुसऱ्याची आली होती, ती अजून त्यांच्या माळ्यावर होती. दगडाबाईंनी विमानशास्त्रात भर घातली ती अशी, की त्यांच्या नणंदेच्या दिराच्या कानातून उतरताना रक्त आलं होतं. मग त्यांनीच आठवून सांगितलं की ते विमान नव्हतं, जत्रेतला पाळणा होता. पण ऐकायचं ते अण्णांनी ऐकून घेतलं होतं.

हे सगळं सिताबाईंना सांगायची सोय नव्हती. बायकोला भीती वाटू नये म्हणून अण्णा एकटेच भीत होते, आणि दोघांच्या वाटणीचं भीत होते.

तिकीट काढताना पहिली ठेच लागली. विमान कंपनीच्या पानावर तऱ्हेतऱ्हेच्या चौकटी होत्या. शाकाहारी जेवण हवं का, गिटार बरोबर आहे का, क्रिकेटचं साहित्य आहे का. नाकाला नळी आहे का, ही चौकट नव्हती. मग फोन केला. फोनवर आधी अर्धा तास सनई वाजली, आणि मग एका मुलीनं अतिशय गोड आवाजात जे सांगितलं ते असं: स्वतःचा सिलिंडर चालणार नाही, मशीन चालेल, पण ते विमानात चालणारं आहे असं त्याच्यावर छापलेलं पाहिजे, बॅटऱ्या उड्डाणाच्या दीडपट वेळ पुरल्या पाहिजेत, डॉक्टरांनी भरलेला अर्ज पाहिजे, तो दहा दिवसांपेक्षा शिळा नको आणि दोन दिवसांपेक्षा ताजा नको. अण्णा कागदावर लिहून घेत होते. पण तिचा वेग आणि त्यांचा वेग यांचा मेळ बसला नाही आणि छापण्याचं कलम कागदावर उतरलंच नाही.

अर्ज आला. चार पानांचा होता. त्यात अण्णांचा उल्लेख 'अटेंडंट' असा होता. वाशीच्या खवा बाजारात ज्यांना लोक उठून जागा द्यायचे, ते रामलिंग कवडे आपल्याच बायकोचे अटेंडंट झाले. तेही त्यांनी गिळलं. डॉक्टरांच्या खोलीत एकेक प्रश्न वाचला जात होता. प्रवासी पन्नास मीटर चालू शकतो का. प्रवाशाची प्रकृती अचानक बिघडण्याची शक्यता किती. हा प्रश्न ऐकताना अण्णांनी टेबलाची कड घट्ट धरली. मग प्रश्न आला की प्रवाशाच्या अवस्थेमुळे इतर प्रवाशांना त्रास किंवा संकोच होईल का.

 सिताबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "आन् त्येंच्यामुळं मला झाला तर, त्ये कुठं लिवायचं?"

डॉक्टरांनी चारी पानं उलटून पाहिली. त्यासाठी जागा नव्हती.

पहिला अर्ज परत आला कारण शिक्का सहीवर बसला होता. दुसरा आला कारण डॉक्टरांनी ऑक्सिजन 'गरजेनुसार' असं लिहिलं होतं आणि कंपनीला आकडा हवा होता. प्रत्येक खेपेला वाशी ते धाराशिव, दवाखान्यातला नंबर, आणि ऑपरेशनच्या तारखेतला एकेक दिवस कमी. अण्णांच्या मनात एक लबाड विचार येऊन जायचा, की तिसराही परत यावा आणि सुटावं. मग त्यांना लेकीचा फुटलेला आवाज आठवायचा आणि स्वतःचीच शरम वाटायची. तिसरा अर्ज मंजूर झाला. सिताबाईंनी साखर वाटली. अण्णांनी चिमूटभर तोंडात टाकली, ती त्यांना कडू लागली.

आता मशीन. सोलापूरच्या विक्रेत्याकडून ते आणलं. खांद्याला अडकवायच्या पिशवीत मावेल एवढं, सोबत तीन बॅटऱ्या. आणि इथं अण्णांच्या हातून ती चूक झाली, जी कवड्यांच्या घरातल्या माणसाखेरीज कुणाच्याच हातून झाली नसती.

कवड्यांच्या घरात नाव न घातलेलं भांडं नाही. लग्नकार्याला त्यांच्या कढया गावभर जातात, आणि ज्या कढईवर नाव नाही ती परत येत नाही, हा पिढ्यांचा अनुभव. गुरुजींची बदललेली पेटी अण्णांच्या मनातून जात नव्हती. बायकोचा श्वास ज्या डब्यात आहे तो डबा विमानतळावर बदलला तर? कुणा भलत्याचा मिक्सर आपल्या हाती आला तर? अण्णा मशीन घेऊन सरळ बंडप्पाकडं गेले. बंडप्पा आठवडी बाजारात भांड्याच्या दुकानापुढं बसून विजेच्या टोच्यानं भांड्यांवर नावं घालतो. त्यानं मशीन फिरवून फिरवून पाहिलं. सगळीकडं गोलाई. खालच्या अंगाला तेवढी एक सपाट रुपेरी पट्टी होती, तिच्यावर लाल, बारीक इंग्रजी अक्षरांची एक ओळ. ती ओळ काय सांगते हे बंडप्पाला ठाऊक नव्हतं आणि अण्णांनाही. कंपनीनं नावासाठीच जागा सोडल्याली दिसती, असं म्हणून बंडप्पानं टोचा चालवला.

'सौ. सिताबाई रामलिंग कवडे, वाशी' इतकंच घालायचं होतं. पण बंडप्पाची चाळीस वर्षांची सवय. हात थांबायच्या आत खाली 'यांजकडून सप्रेम भेट' असंही उमटलं. सिताबाईंनी ते वाचून कुणाला भेट दिलंय असं विचारलं. अण्णा म्हणाले, असू दे, चोरणाऱ्याला तेवढीच लाज वाटेल.

पुण्याला जायला जीप ठरवली होती. वाटेत मशीन जीपच्या सॉकेटवर चालवायचं म्हणजे बॅटऱ्या भरलेल्या राहतील असा अण्णांचा हिशेब. सॉकेटात देवाच्या फोटोभोवतीच्या दिव्यांची माळ होती आणि ड्रायव्हर ती काढायला तयार नव्हता. माळ विझली की गाडी पंक्चर होते असा त्याचा अनुभव. अण्णांनी देवाला हात जोडले, येरमाळ्याच्या येडेश्वरीला आधीच बोललेल्या नवसात एक नारळ वाढवला, आणि माळ उपटली. पुण्यापर्यंत गाडी पंक्चर झाली नाही. पण साडेचार तास अण्णा टायरचा आणि मशीनचा असे दोन आवाज ऐकत बसले होते आणि उतरताना त्यांची मान आखडली होती.

विमानतळावर सिताबाईंना चाकाची खुर्ची मिळाली. गुरुजींच्या सल्ल्याप्रमाणे चार्जर मोठ्या बॅगेत होता. ती बॅग पट्ट्यावरून गेली आणि रबरी पडद्याआड दिसेनाशी झाली. काउंटरवरची मुलगी मराठी होती, बोलायला चांगली होती. तिनं अर्ज पाहिला, मंजुरी पाहिली, बॅटऱ्या मोजल्या. अण्णांना पहिल्यांदाच वाटलं की बहुतेक निभावलं. मग ती म्हणाली, "काका, मशीनवरचं लेबल दाखवता का? लाल ओळ असते बघा, विमानात वापरायला चालतं अशी."

अण्णांनी मशीन उचलून आडवं केलं. मुलीनं वाकून वाचलं. तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते गेलं. लाल ओळीच्या जागी सप्रेम भेट होती.

तिनं साहेबांना बोलावलं. साहेब आले, त्यांनीही वाचलं. ते म्हणाले की यंत्र कुठलं आहे ते आता कळत नाही. सामान म्हणून नेऊ शकता, पण बंद करून. चालू करता येणार नाही.

अण्णांच्या कानात मशीनसारखी घरघर सुरू झाली. डोळ्यांपुढं ते सगळं आलं जे गेले तीन आठवडे ते झटकत होते: विरळ हवा, बंद मशीन, सिताबाईंचे निळे पडलेले ओठ, आणि तीस हजार फुटांवर आपण हातावर हात धरून बसलेले. त्यांनी हात जोडले. आयुष्यात भेसळ तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढंही त्यांनी हात जोडले नव्हते. चूक माझी हाये, तिची न्हाय, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

सिताबाई मुलीकडं पाहत होत्या.

"पोरी," त्या म्हणाल्या. मग थांबल्या, श्वास घेतला. "ह्या रांगंतली समदी मानसं श्वास घिऊनच आल्यात. कागुद मलाच का मागतीस?"

 साहेबांकडं नियम होता, तो त्यांनी परत सांगितला. काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं होती. पुढचं थेट विमान दुसऱ्या दिवशी, आणि त्यासाठी मंजुरी पुन्हा पहिल्यापासून. ऑपरेशन परवावर आलं होतं.

मुलीनंच सोलापूरच्या विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, मशीनचा नंबर द्या, कंपनीचं पत्र दहा मिनिटांत पाठवतो. नंबर आणखी एका ठिकाणी कोरलेला असतो. बॅटरीच्या खाचेत, आत.

म्हणजे बॅटरी काढायची. म्हणजे मशीन बंद. चार्जर लावून चालू ठेवता आलं असतं, पण चार्जर गुरुजींच्या सल्ल्यानं पडद्याआड गेला होता. विमानतळावरच्या दवाखान्यातून सिलिंडर मागवू, साहेब म्हणाले, पण यायला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. अण्णा म्हणाले, आपण घरी जाऊ. ते हे मोठ्यानं म्हणाले आणि आजूबाजूच्या माणसांनी वळून पाहिलं.

सिताबाईंनी वाकून स्वतःच बॅटरीचा खटका दाबला.

घरघर थांबली. मुलगी जमिनीवर गुडघे टेकून, मोबाइलचा उजेड खाचेत पाडून आकडे वाचू लागली. साहेब फोनवर ते पुढं सांगू लागले. चौदा आकडे होते. सिताबाईंच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावलेली होती आणि अण्णांना तिच्याखेरीज काही दिसत नव्हतं. ब्याण्णव. नव्वद. सत्त्याऐंशी. सिताबाईंचे खांदे वर-खाली होऊ लागले. विक्रेता म्हणाला, मधला एक आकडा जुळत नाही, परत वाचा. पंच्याऐंशी. मुलगी पहिल्यापासून वाचू लागली. 

अण्णांनी बायकोचा हात धरला. आपणही श्वास रोखून धरलाय हे त्यांना कळलं नाही. आणि मग तो सुटला, तो बोलण्यासकटच सुटला.

"म्या तराजूपाशी बसायचो," ते म्हणाले. "भाईर. वाऱ्याला. आन् तुला भट्टीपुढं बसवलं. तीस वर्सं. एक दिवस म्हन्लो न्हाय, ऊठ, म्या बसतो. एक दिवस न्हाय."

सिताबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांना बोलता येत नव्हतं. त्र्याऐंशी.

"जुळला," साहेब म्हणाले. मुलीनं बॅटरी खाचेत ढकलली. मशीननं एक बारीक शीळ घातली आणि घरघर सुरू झाली. ती घरघर ऐकून अण्णा सामानाच्या वजनकाट्यावरच बसले. काट्यानं त्यांचं वजन एकोणसत्तर किलो दाखवलं. सामान म्हणून ते फारच जास्त होत होते.

सिताबाईंना बोलता यायला तीन-चार मिनिटं गेली.

"मला उलटून बोलता येत न्हाय," त्या म्हणाल्या, "तवाच बरं सुचलं तुमास्नी." आणि त्यांनी अण्णांचा हात सोडला नाही.

पत्र आलं, शिक्का बसला, खुर्ची जवळजवळ पळवत नेली. विमानात शेजारच्या गृहस्थांनी नळी पाहून हवाई सुंदरीला हळूच विचारलं की हे लागण होण्यासारखं आहे का. सिताबाईंनी त्यांना सांगितलं की व्हय, तीस वर्सं भट्टीपुढं बसलं की लागतं. गृहस्थांनी पुढं वर्तमानपत्र धरलं.

विमान उडालं तेव्हा अण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही. त्यांनी पूर्ण वेळ मशीनवरचे चार हिरवे दिवे पाहिले. सिताबाईंना डुलकी लागली तेव्हा तीन होते. ढगात धक्के बसू लागले तेव्हा दोन. मग एकच राहिला आणि तो लुकलुकू लागला. सिताबाई इतक्या शांत झोपल्या होत्या की त्यांना उठवायला अण्णांचा जीव होईना. त्यांनी दुसरी बॅटरी मांडीवर घेतली. हात नेहमीसारखे कापत होते. ते थांबायची वाट पाहण्यात अर्थ नव्हता, म्हणून कापत्या हातांनीच त्यांनी खटका दाबला, जुनी ओढली, नवी बसवली. सात-आठ सेकंद गेले असतील. चारही दिवे लागले. अण्णांच्या कपाळावरचा घाम नाकावरून खाली उतरला आणि तो पुसायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. सिताबाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "झालं का?" म्हणजे त्या जाग्याच होत्या.

संध्याकाळी दोघं वर्षाराणीच्या फ्लॅटच्या दारात उभी राहिली. तिला उठायची मनाई होती, तरी ती दाराशी आली होती. पाय सुजलेले, चेहरा ओढलेला, हातात ताम्हन. भाकरी नव्हती म्हणून तिनं पावाचा तुकडा घेतला होता आणि तांब्यात पाणी. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, एवढं तिला आईनंच शिकवलेलं. तिनं हात उचलला.

"थांब," सिताबाई म्हणाल्या. "मला कशाला ववाळतीस? माहेराला तू आलीयास." श्वास घेतला. "तू भाईर ये. आत म्या जाती."

कुमारला काही उमगेना. वर्षाराणीला उमगलं. ती भिंतीला धरून दोन पावलं बाहेर, जिन्यापाशी आली. सिताबाई तिच्या घरात शिरल्या आणि वळून दारात उभ्या राहिल्या. नळी सात फुटांची होती, तेव्हा मशीन घेतलेल्या अण्णांना ना आत जाता आलं ना बाहेर राहता आलं. ते उंबऱ्यावरच उभे राहिले. एरवी उंबऱ्यावर उभं राहिलेलं सिताबाईंना खपायचं नाही.  त्यांनी पावाचा तुकडा लेकीवरून तीनदा ओवाळला, पोटावरून एकदा जास्त, पाणी तिच्या डोळ्यांना लावलं आणि उरलेलं पायांवर ओतलं. एवढ्यानं त्यांना धाप लागली. वर्षाराणी रडत होती आणि आईची धाप पाहून घाबरतही होती. अण्णाही घाबरलेलेच होते. परवा ऑपरेशन होतं, त्याची भीती तर आता कुठं सुरू होत होती.

"ये," सिताबाई म्हणाल्या. "उजवा पाय आधी टाक."

वर्षाराणीनं अण्णांच्या खांद्याचा आधार घेतला, उजवा पाय उचलला आणि आत टाकला. पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी आली.